ढवळीला गाव दाखवलं

शनिवार, १ नोव्हेंबर

यवतमाळ. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले, सगळं नॉर्मल. शरीराचं काही राहिलं नाही म्हणाल्या, आता मनाची तयारी झाली की बघा. मी मान हलवली. विनोदनेही हलवली. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. चहा बरा होता.

स्टँडकडे चालत येताना ते दुकान लागलं. काचेमागे पिल्लं. वि. थांबला. मला वाटलं बुटाची लेस सुटली. तर हा आत. मीही गेले, उन्हात उभं राहण्यापेक्षा बरं. आत फिनेलचा वास आणि पक्ष्यांचा कलकलाट. वि. एका पांढुरक्या पिल्लापुढे उकिडवा बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, घ्यायचं काय? मी म्हटलं, घ्या. कुकरची रिंग घ्यायची का विचारलं असतं तरी हेच म्हटलं असतं.

दुकानदार म्हणाला, लॅब्राडोर आहे, ओरिजिनल, मेल. पहिलं इंजेक्शन झालेलं, तसं कार्ड दिलं. पुढची इंजेक्शनं होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, बाहेरच्या कुत्र्यांजवळ न्यायचं नाही, आंघोळ नाही. मेडिकलवाला ‘जेवणानंतर’ म्हणतो त्या चालीत सांगितलं सगळं. आम्हीही त्याच चालीत हो हो केलं.

एसटीत खोकं माझ्या मांडीवर. कंडक्टरने पाहिलं आणि पुढे गेला. करंजी गावाच्या पुढे खोकं ओलं झालं, मग साडी. वि. मला सॉरी म्हणाला, जसं काही त्यानेच केलं.

आमच्या दोन्ही घरांत कोणी कुत्रं पाळलेलं नाही. म्हणजे कुत्री असतातच गावात. भाकरीचा तुकडा टाकायचा, ती आपलं आपण पाहतात. बैल विकत आणतात, शेळी आणतात. कुत्रं विकत आणलेलं आमच्यात आम्हीच पहिले.

वणीला घरी पोचलो तर मामाजी लेकाची वाट पाहत दारातच. खोक्यात वाकून पाहिलं, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

रविवार, २ नोव्हेंबर

काल झोप आली म्हणून अर्धंच लिहिलं. मामाजींनी उंबऱ्यावर पिल्लाचे चारही पाय धुतले. नवीन बैल घरी आला की सासरी असंच करतात. पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात गूळ. कुंकू घरच्या बाईनेच लावायचं असतं म्हणून मला हाक. लावलं. पिल्लाने बोट चाटलं. जीभ गरम होती.

मग मामाजींनी त्याला उलटं करून पाहिलं, बाजारात जनावर बघावं तसं. म्हणाले, ‘हे मेल नोहे बावा. मादी हाये.’ वि. कार्ड वाचत बसला, जसं काही पुन्हा वाचल्यावर बदलेल. त्याने ‘ब्रूनो’ ठरवलं होतं वाटेत. ते गेलं. मामाजींनी नाव ठेवलं ढवळी. त्यांच्या लेखी पांढरट मादी म्हणजे ढवळीच, मग गाय असो की काही असो.

आज सकाळी मामाजी म्हणाले, गावाला नेऊ. जनावर आणलं की मारुतीला दाखवायचं, शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, एक फेरा मारायचा, मग ते घरचं होतं. वि. म्हणाला, दुकानदार नाही म्हणून राह्यला होता खाली सोडायले. मामाजी म्हणाले, ‘मंग जलमभर काचेतच ठेवता काय तिले?’ वि.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जाऊ द्या, नेऊ. खरं तर मी गॅस बुक केला की नाही ते आठवत होते.

गेलो. मारुतीच्या पारावर तिला सोडलं. सगळं हुंगत फिरली. गावातली दोन-तीन कुत्री आली, त्यांनी तिला हुंगलं, तिने त्यांना. मारुतीच्या पायरीवर मुतली. पारावरची माणसं हसली. मामाजी सगळ्यात जास्त हसले. मग दुपट्ट्यात गुंडाळून तिला धुऱ्यावरून फिरवून आणलं. कापूस फुटलाय, वेचणीला बाया नाहीत म्हणे. मामाजींनी मागच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली, शेत आता भासरे, वि.चे मोठे भाऊ, ट्रॅक्टरने करतात. तेव्हापासून मामाजींना हातांचं काय करावं ते कळत नाही. आज कळत होतं.

एक बाई मला म्हणाली, ‘बरं केलं वो आनलं तं. जीव रमते.’ तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तिलाही कळलं की मला कळलं.

घरी आल्यावर ढवळीला गरम पाण्याने आंघोळ घातली. फार धूळ होती.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शाळा. रजेनंतरचा पहिला दिवस. वणी ते झरी आणि पुढे जीप, सगळं आहे तसंच आहे. पोषण आहारात वाटाणा.

पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुमचं बाळ कुठे आहे? मी म्हटलं, नाही आहे. ती ‘बरं’ म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. इतक्या महिन्यांत इतकं सोपं कोणी बोललं नव्हतं.

श्रावणात गेलं. सातवा होता. मुलगा की मुलगी ते मी विचारलं नाही. वि.ला माहीत असेल. त्याने सांगितलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोठ्या मुलांना सांगितलं की बाईंनी कुत्रं विकत आणलं. वर्ग लोटपोट. ह्यांच्या पोडावर, रानातल्या वस्तीवर, कुत्री माणसांबरोबर रानात जातात, घरी येतात, कोणाची म्हणून नसतात. एकाने विचारलं, बाई, तुमच्या गावात संपली होती काय? मीपण हसल्यासारखं केलं.

वि. फर्स्ट शिफ्ट. राजूरच्या खाणीवरून आला की आधी आंघोळ, मग ढवळी. पूर्वी आधी चहा लागायचा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सुटी. कपडे घड्या करत बसले होते. ढवळी आली आणि पदराचं टोक तोंडात धरून चोखायला लागली. डोळे मिटून, पुढच्या पायांनी मांडी दाबत. मी पदर ओढला. पुन्हा आली. पुन्हा ओढला. मग मामाजींनी उचलून नेली.

हॉस्पिटलमधून निघताना दूध थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. तरी दोन ब्लाऊज भिजले. ते आज का आठवलं. आठवलं म्हणून काही वाटलं असंही नाही. फक्त आठवलं.

पिल्लू गोड आहे, ते दिसतं मला. एखाद्याचा नवा फ्रिज चांगला आहे हे दिसतं तसं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ढवळी खात नाही. वि. म्हणतो नखरे, दुकानातल्या गोळ्यांची सवय. मामाजींनी दुधात भाकरी कुस्करून दिली. तोंड फिरवलं.

केंद्रप्रमुखांची बैठक पुढे गेली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी घरभर उलट्या. पिवळा फेस. मग जुलाब, त्यात रक्त. असा वास मी कधी घेतला नव्हता. वि. ड्यूटीवर. शाळेत फोन केला, घरात आजारी आहे म्हटलं. कोण ते विचारलं नाही, बरं झालं.

मी आणि मामाजी ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात. पुढे एक गाय, एक बोकड. डॉक्टर तरुण आहेत. आधी पाहिलं, मग मेडिकलमधून किट आणायला लावलं. पट्टीवर थेंब टाकून थांबलो. एक रेघ आली. मग दुसरी. डॉक्टर म्हणाले, दोन रेघा म्हणजे आहे. पार्व्हो. मी म्हटलं, हो, दोन रेघा म्हणजे आहे. ते माझ्याकडे पाहत राहिले.

औषध नाही त्यावर. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. अंगातलं पाणी टिकलं तर जगेल. तोंडाने काही द्यायचं नाही. पुढच्या पायाला सुई लावून चिकटपट्टी गुंडाळली. रोज सकाळी दवाखान्यात आणा, बाकीचं सलाईन घरी लावा. नळी कशी सोडायची, चाकी कुठे फिरवायची ते दाखवलं. मला ते येत होतं. मी बाटलीकडे बघत पडून होते ना तेव्हा.

बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजाला बाटली टांगली. खाली गोधडी. हा रोग पायाला, चपलेला लागून येतो, फरशी ब्लीचिंगने पुसा, असं डॉक्टर मामाजींसमोरच म्हणाले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ढवळी पडून आहे. हाक मारली की शेपटीचं टोक हलतं, तेवढंच.

वि.ने दुकानात फोन लावला. हात ब्लीचिंगचे म्हणून स्पीकरवर ठेवला. दुकानदाराने विचारलं, खाली सोडलं होतं का? आंघोळ घातली होती का? वि.ने सगळं खरं सांगितलं. पाय धुतले, मारुतीला नेलं, पारावर सोडलं, धुऱ्यावरून फिरवलं, येऊन आंघोळ. सत्यनारायणाची कथा सांगावी तसं क्रमाने. दुकानदार म्हणाला, मग काय भाऊ, तुम्हीच मारलं की तिला. आमची जबाबदारी संपली.

मामाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. वि.ने घाईने स्पीकर बंद केला, पण बोलणं होऊन गेलं होतं.

रात्री जेवायला बसले नाहीत. भूक नाही म्हणाले.

रविवार, ९ नोव्हेंबर

दवाखाना बंद, डॉक्टरांनी घरी बोलावलं. वि. ड्यूटीवर. मी आणि मामाजी गेलो. मामाजी फाटकाबाहेरच थांबले. माझ्या चपला नको तिथं, म्हणाले.

सुई बदलताना डॉक्टरांनी विचारलं, कधी आणलं, कुठून आणलं. मग म्हणाले, दुकानातूनच घेऊन आली असेल. तिथे सगळी पिल्लं एका पिंजऱ्यात असतात, रोग आधीच अंगात असतो, घरी आल्यावर दिसतो. किंवा नंतर लागला असेल. सांगता येत नाही. मी विचारलं, गावात फिरवलं म्हणून? ते म्हणाले, फिरवायला नको होतं, पण त्यानेच झालं असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बाहेर आले. मामाजींनी विचारलं, ‘काय म्हनला?’

मी म्हटलं, ‘सलाईन चालू ठेवा म्हनले.’

एवढंच सांगितलं. बाकीचं का सांगितलं नाही. ऑटोत बसल्यावर सांगता आलं असतं. घरी आल्यावर आलं असतं. भाजी फोडणीला टाकताना आलं असतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

रजा शिल्लक नाही, शाळेत गेले. ढवळीजवळ मामाजी.

म्हणजे मला वाटलं होतं जवळ. परत आले तर मामाजी अंगणातल्या नळावर बसून ब्लीचिंगने स्वतःचे पाय घासत होते. टाचा लालबुंद. कातडं निघालंय. चपला जाळल्या म्हणे. आणि दिवसभर खोलीत गेलेच नाहीत, दारात पोतं टाकून बसून होते. तिथूनच तिच्याशी बोलत होते.

मी म्हटलं, असं नका करू, जखम होईन. म्हणाले, ‘होऊ दे. याच पायानं नेली होती ना.’

सांगायची ही वेळ होती. मी ब्लीचिंगचा डबा उचलून वर फळीवर ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

आता लिहूनच टाकते, नाही तर मलाच कळणार नाही मी काय करतेय. श्रावणात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मामाजी माझ्या आईला म्हणाले होते, ‘रोजचं अप-डाऊन नडलं. मी म्हनलं होतं, सुटी टाकू द्या तिले.’ दार अर्धं उघडं होतं. रागाने नव्हते म्हणाले, रडत होते ते. पण मग आईने ते मावशीला सांगितलं, मावशीने सगळ्यांना. गावात हेच, शाळेत हेच, भेटायला आलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडी हेच. अप-डाऊन नडलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कारण सांगता येत नाही. प्रवासाने झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. हे मी आणि वि. दोघांनी ऐकलं. वि. घरी कोणाला बोलला नाही. मीही नाही. मी कशाला सांगू, त्याने सांगायचं होतं.

तर आता माझ्याकडे तेच वाक्य आहे, दुसऱ्या डॉक्टरचं. ज्यांना हवंय त्यांना मी ते देत नाही. वाईट वाटतंय का? पाहिलं मनात. सुखही नाही वाटत. मग कशासाठी चाललंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शाळेतून आले तर बाटली भरलेली. नळी ढवळीच्या अंगाखाली दुमडली होती. किती वेळ कोण जाणे. मामाजींना दारातून दिसत होतं थेंब पडत नाही ते. शेजारच्या काकूंना हाका मारल्या, त्या बाजारात गेलेल्या. वि.ला फोन लावला, तो खाली खाणीत, फोन वर लॉकरमध्ये. पण आत गेले नाहीत. दोन पावलं होती.

ढवळीची हिरडी पांढरी पडलीय. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते.

मी म्हटलं, ‘मामाजी, जाऊन नुसती नळी सरळ करायची होती.’

‘माया पायानं एकडाव गेलं ना तिच्यापाशी. आता अजून कायले जाऊ.’

दवाखान्यात परत नेलं. डॉक्टर मला रागावले. बरोबरच आहे.

वि.ला सांगितलं, डॉक्टर रविवारी असं असं म्हणाले होते. तो म्हणाला, मग सांग ना बाबाले. मी म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, ‘तुले सांगतलं ना डॉक्टरनं, तूच सांग.’ आणि मोबाईल पाहायला लागला. ह्या माणसाला घरात कोणाला काही सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. पिल्लू घेताना बरी सुटली होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बिनपगारी रजा टाकली. हेडमास्तर म्हणाले, कुत्र्यासाठी? हो म्हटलं.

दिवसभर ढवळीजवळ बसले. दुसरं काही करायचं नव्हतं. थेंब पडतात ते बघायचं. पोटावर हात ठेवला तर आत काहीतरी गुडगुडतं. तिच्या उलट्या माझ्या अंगावर. साडी बदलली, पुन्हा उलटी, मग गाऊनच घातला.

मामाजी पोत्यावर. मी आत, ते दारात. मध्ये एकदा म्हणाले, तिच्या कानाच्या मागं खाजव, तिले आवडते. खाजवलं. डोळे थोडे मिटले तिने.

वि. घरी आला तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. त्याने आपल्या हाताने खिचडी टाकली. मीठ विसरला. मामाजींनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. चार दिवसांत गाल आत गेलेत त्यांचे. बीपीच्या गोळ्या घेतात की नाही देव जाणे. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, आज-उद्यात कळेल. म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मामाजी पिशवी भरून राहिले आहेत. गावाला जातो म्हणाले, भासऱ्यांकडेच राहीन आता. म्हणाले, ‘माया हाताले जनावर लाभत नाही आता. जोडी गेली, हे बी चाललं.’ वि. म्हणाला, बाबा, असं काय करता. बस्स. एवढंच म्हणाला.

सकाळच्या गाडीने जाणार. पिशवीत दोन धोतरं, टॉवेल, गोळ्यांचा डबा. डबा जवळजवळ भरलेला. म्हणजे गोळ्या घेतच नाहीत.

मला भीती वाटली. लिहिते आहे म्हणून खात्री केली पुन्हा. हो, भीतीच. हा माणूस गावाला जाऊन असाच पोत्यावर बसून राहील, आणि मला माहीत असलेलं एक वाक्य मी तोवर धरून ठेवीन.

तरी आज नाही सांगितलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. शाळेत भाषणं असतील. मी घरीच.

मामाजी पिशवी घेऊन दारात उभे. वि. फर्स्टला निघून गेलेला. मी सिरिंजने ढवळीची सुई धुवत होते, ती चोंदली होती. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच ढवळीकडे पाहिलं, हात जोडले तिला. कुत्र्याच्या पिल्लाला. आणि वळले.

मी म्हटलं, ‘मामाजी, थांबा. रविवारी डॉक्टर एक म्हनले होते, मी तुमाले सांगतलं नाही.’

थांबले. मी सांगितलं, जसंच्या तसं. दुकानातूनच आली असेल. नंतर लागलं असेल. सांगता येत नाही. फिरवल्यानेच झालं असं कोणी म्हणू शकत नाही. आपल्या बाजूने काही वाढवलं नाही, कमीही केलं नाही.

ते पिशवी खाली ठेवून पोत्यावर बसले. मला वाटलं विचारतील, रविवारी काहून नाही सांगतलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलंच नाही. विचारलं ते हे.

‘तुले बी डॉक्टरीन असंच म्हनली होती काय? तवा?’

‘हो.’

‘अप-डाऊनचं नाही म्हनली?’

‘नाही. सांगता येत नाही म्हनल्या.’

‘मंग मले कोनं सांगतलं काहून नाही?’

‘तुमी विचारलं नाही.’

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, ‘मीच बोललो होतो थे. लोकं मंग मायंच बोलले.’

‘हो.’

‘चुकलं माय, मायं.’

इथे ‘असू द्या’ म्हणायचं असतं. तोंडात आलं होतं. आणि त्याच वेळी इतका राग आला, इतका, की कानशिलं तापली, हातातली सिरिंज खाली पडली. त्यांचा राग, वि.चा राग, आईचा, मावशीचा, पारावरच्या त्या बाईचा, दुकानदाराचा. श्रावणापासून काही येत नव्हतं, आलं तर हे आलं. मी ‘असू द्या’ म्हटलं नाही. म्हणणार नाही. आज तर नाहीच.

मामाजींना ते दिसलं असावं. उत्तराची वाट पाहिली नाही त्यांनी. उठले, उंबरा ओलांडून आत आले, माझ्यासमोर गोधडीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि खाली पडलेली सिरिंज उचलून माझ्याकडे धरली. मी घेतली. सुई मोकळी झाली. थेंब सुरू झाला.

अकराच्या सुमारास ढवळीने मान उचलून वाटीकडे पाहिलं. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, चमचाभर पाणी द्या, अर्धा तास बघा, राहिलं तर पुन्हा चमचाभर. मी जबडा धरला, मामाजींनी चमचा. अर्धं सांडलं. अर्धं गेलं.

गावाची गाडी चुकली. पिशवी अजून पोत्यापाशीच आहे. राग अजून आहे. आम्ही दोघं तिच्या पोटाकडे बघत बसलो आहोत, पाणी आत राहतं का ते पाहत.